पारबता, बेवा पुनाजी

रजनी हिवरखेडे यांची सारी नोकरी सौंसर तहसिलीतल्या खेड्यांत गेली. त्या ए.एन.एम. होत्या, गावच्या बोलीत नर्सबाई. कोरोनाची दुसरी लाट ओसरली त्या वर्षी मोहगावच्या केंद्रातून त्या पेन्शनीत निघाल्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही आणि त्यांनीही आपणहून कधी सांगितलं नाही. पांढुर्ण्याला वडिलांचं घर होतं. त्यात धाकटा भाऊ दिलीप, त्याची बायको अर्चना आणि मुलगा मयूर राहत. आपली लोखंडी पेटी, एक कपाट आणि तुळशीची कुंडी घेऊन रजनीताई त्याच घराच्या मागच्या खोलीत परत आल्या.

उंच, हाडानं मजबूत, बोलायला थोड्या. मोहगावकडच्या बाया सांगतात की नर्सबाई बाळंतिणीशी प्रेमानं वागत, पण एका गोष्टीवर अडून बसत. नोंद करताना घरातला माणूस म्हणायचा, "लिहा, दशरथची घरवाली." रजनीताई पेन खाली ठेवायच्या. "घरवालीले नाव नाही का? तिलेच सांगू दे." लाजून, पदर तोंडावर घेऊन बाई नाव सांगेपर्यंत त्या थांबायच्या.

आडनाव हिवरखेडे, पण हिवरखेडी नावाचं गाव घरात कोणी पाहिलेलं नव्हतं. आजोबा मोतीराम, ज्यांना ही भावंडं आबाजी म्हणत, पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजायचे. रजनीताई अठरा वर्षांच्या असताना ते गेले. गावाबद्दल विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "गाव उजाड झालं. तापाच्या साथीत समदे मेले. बाप मेला, माय मेली. काकानं मले खांद्यावर बसवून इथं आणलं." एवढं बोलून ते उठायचे आणि काहीतरी काम काढायचे. रजनीताईंच्या वडिलांनाही याहून जास्त माहीत नव्हतं, किंवा असलं तरी ते बोलले नाहीत.

दोन हजार बावीस साली मयूरला जातीच्या दाखल्यासाठी घराण्याचा जुना कागद लागला. दिलीपचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान. हंगामात त्याला जेवायला फुरसत नसे. तो म्हणाला, "ताई, तुले हे कागदाचं समजते. तू पाहून घे न."

सौंसरच्या तहसिलीत सांगितलं की एवढं जुनं दप्तर छिंदवाड्याला. रजनीताईंनी बस धरली. तिथल्या अभिलेखागारात रश्मी नावाची एक कारकून होती, तिनं अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं आणि आठवड्यानं बोलावलं. आठवड्यानं समोर आला तो बंदोबस्ताचा, म्हणजे जमीन-मोजणीच्या कागदांचा जाड गठ्ठा, लाल कापडात बांधलेला. उर्दू शब्दांनी भरलेली जुनी हिंदी. मोहगावच्या पुढं नाल्याकाठी हिवरखेडी होती. नकाशात घरांच्या जागी बारीक चौकोन, एक विहीर, एक रस्ता. शेतकऱ्यांच्या यादीत पुनाजीचं नाव होतं, आबाजींच्या बापाचं. त्यापुढच्या बंदोबस्तात गावाच्या नावापुढं एकच शब्द लिहिला होता: वीरान.

मयूरचं काम त्या दिवशीच झालं. नक्कल हातात आली. रजनीताईंनी ती पिशवीत ठेवली, आणि तरी त्या उठल्या नाहीत.

"हे गाव वीरान कसं झालं, ते कुठं सापडन?" त्यांनी विचारलं.

"जमिनीच्या कागदात ते नाही सापडत, मॅडम," रश्मी म्हणाली. "कोटवाराच्या मौत-रजिस्टरात असू शकते. पण ते सगळ्या गावांचे उरले नाहीत. मी पाहून ठेवते."

त्या आठवड्यात रजनीताई हिवरखेडीला जाऊन आल्या. आता तिथं संत्र्याची बाग आहे. बागवाल्याच्या हातात फवाऱ्याचा पाइप होता. बाई जुन्या गावाची चौकशी करते म्हटल्यावर त्याचा चेहरा आखडला. "जमिनीचा काही दावा गिवा टाकून राहिल्या का?" त्यांनी नाही म्हणून सांगितलं तरी तो त्यांच्या मागोमाग चालत राहिला. आजूबाजूला सगळी काळी माती, पण बागेच्या मधोमध जमीन राखेसारखी पांढरी होती. जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, तिथली माती अशी होते. झाडांच्या आळ्यांत खापरांचे तुकडे होते. विहीर बुजली होती. रजनीताई थोडा वेळ उभ्या राहिल्या. आपल्याला इथं काही वाटायला पाहिजे असं त्यांना वाटत होतं, पण काही वाटलं नाही. ऊन फार होतं. त्या परत आल्या.

रश्मीनं मौत-रजिस्टर शोधून ठेवलं होतं. जुन्या काळी गावचा कोटवार दर आठवड्याला ठाण्यावर जाऊन कोण जन्मलं, कोण मेलं ते सांगायचा आणि मुन्शी लिहून घ्यायचा. हे ते रजिस्टर. सन एकोणीसशे अठराच्या दसऱ्याच्या सुमाराला हिवरखेडीचं पान एकदम भरू लागलं होतं. नाव, बापाचं नाव, उमर, बीमारी. बीमारीच्या खान्यात सगळीकडं बुखार. पुनाजी, उमर तीस. पुनाजीचा भाऊ. पुनाजीचा लेक, चार वर्षांचा. मग "लडकी, बाप पुनाजी, आठ महिने". तिला नाव नव्हतं. त्यापुढच्या आठवड्यात हिवरखेडीच्या कोटवाराचंच नाव मेलेल्यांत होतं, आणि ती खबर मोहगावच्या कोटवारानं आणली होती. त्यानंतर हिवरखेडीचं पान कोरं.

रजनीताईंनी कोरोनात गावोगाव असेच रकाने भरले होते. सकाळी ज्या माणसाची ऑक्सिजनची पातळी लिहिली, त्याचं नाव संध्याकाळी दुसऱ्या रजिस्टरात लिहिलेलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुनाजीची बायको त्यात नव्हती. आबाजींची माय, जी मेली असं सगळं घर धरून चाललं होतं, ती त्या पानावर नव्हती, मागच्या-पुढच्या महिन्यांतही नव्हती.

सुटली असेल, असं त्या स्वतःला म्हणाल्या. साथीत नोंदी सुटतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? कोटवारच मेला, तर तिची खबर कोण देणार?

पण रश्मी म्हणाली, "शेत कोणाच्या नावावर चढलं ते पाहा न मॅडम. पुनाजीच्या नंतर कोण, ते दाखल-खारिजमध्ये, म्हणजे नावाच्या फेरफारात राहते."

त्यापुढच्या खेपेला ते पान सापडलं. पुनाजी फौत, म्हणजे मयत. त्याच्या जागी दोन नावं चढवलेली: "पारबता, बेवा पुनाजी" आणि "मोतीराम, नाबालिग". त्याच्या खाली दीड वर्षानंतरची तारीख आणि वेगळ्या शाईत दोन ओळी. पारबतानं सावरगावच्या सदाशिव घागरे याच्याशी पाट लावला, सबब तिचं नाव खारिज. नाबालिगाचा वली, म्हणजे पालक, चुलता बळीराम.

विधवेनं दुसरं घर केलं की पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा तिचा हक्क जायचा. म्हणून ती गोष्ट जमिनीच्या कागदावर आली. नाहीतर आलीच नसती. बळीराम म्हणजे तोच काका, ज्यानं आबाजींना खांद्यावरून आणलं. पुढं दोन वर्षांनी वलीच्या सहीनं शेत विकलं गेल्याचीही नोंद होती.

रजनीताईंनी रश्मीकडं पाणी मागितलं. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी ते प्यायलं. मग त्यांनी ते नाव हळूच म्हणून पाहिलं. पारबता. त्यांच्या घरात हे नाव कधी कोणी उच्चारलं नव्हतं. आणि सावरगाव! जाम नदीवरचा पूल ओलांडला की सावरगाव. घरून पायी निघालं तर चहा निवायच्या आत माणूस पोचतो.

दिलीपला त्यांनी त्याच दिवशी जेवणं झाल्यावर सांगितलं. त्यानं नकलेवरून नजर फिरवली आणि कागद परत दिला.

"म्हणजे मेली नव्हती."

"नाही."

"पाट लावून निघून गेली. सहा-सात वर्षांचं पोरगं टाकून."

"टाकून गेली असं यात लिहिलं नाही, दिलीप. पाटाच्या बाईले पहिल्याचं लेकरू संग नेऊ देत नोते. ते बापाच्या घरचं. तुले काय माहीत तिनं काय काय सोसलं ते? घरात चार मुडदे पाह्यले तिनं. जवळ उरलेलं एक पोरगं, अन् जमिनीवर दिराची नजर."

"मले काहीच माहीत नाही, अन् तुलेही नाही," दिलीप म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "आबाजीले सांगितलं का मेली. त्यांनी जन्मभर तेच धरलं. आता तू तिले जित्ती करून काय करून राहिली? मयूरले पोरी पाहून राहिलो आपण. लोकं काय म्हणतील?"

"लोकं काही म्हणत नाहीत. शंभर वर्षं झाले."

"मंग शंभर वर्षांचं राहू दे तिथंच."

अर्चना ताटं उचलत होती. 

रजनीताई थांबल्या. पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, होणाऱ्या गोटमारीला दरवर्षीप्रमाणं आरोग्य शिबिरात त्यांना बोलावणं आलं; पेन्शनीत निघाल्या तरी त्यांचा हात लोकांना आठवत होता. नदीच्या या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, मधे पळसाचं झाड आणि झेंडा, आणि तो झेंडा काढण्यासाठी दोन्हीकडून एकमेकांवर फेकलेले गोटे. दिवसभर त्या फुटलेली डोकी धुऊन पट्ट्या बांधत राहिल्या. आणलेला माणूस कोणत्या काठावरचा, हे शिबिरात कोणी विचारत नाही. त्या दिवशी मात्र प्रत्येकाच्या चेहऱ्याकडं त्या जरा जास्त वेळ पाहत होत्या.

गोटमार आटोपून आठवडा झाल्यावर एका सकाळी त्या पूल ओलांडून गेल्या. सावरगावात घागऱ्यांचं घर विचारलं तर एका पोरानं चक्क नेऊन सोडलं. ओसरीवर सत्तरीचा एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होता. सगळे त्यांना भैय्याजी म्हणत. घराण्याची संत्र्याची शेती, गावात मान. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि रजनीताईंनी पिशवीतून कागद काढताच हात वर केला.

"पहिले हे सांगा बाई, जमिनीचं काही आहे का?"

"नाही जी. जमिनीचं काही नाही. सदाशिव घागरे तुमचे कोण?"

"आमचे आबाजी. काऊन?"

"त्यांची बायको?"

"पारबताबाई. आमची आजी." भैय्याजींनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

रजनीताईंनी सांगितलं. मोहगावपलीकडची हिवरखेडी, तापाची साथ, पुनाजी, मागं राहिलेला मोतीराम. त्या नोंद वाचतात तशा सरळ बोलत गेल्या. भैय्याजी मधेच म्हणाले, "असं काही नाही. आमच्या आजीचं पहिलं लग्न... आम्ही असं काही ऐकलं नाही." पण ते उठले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "कलाबाई! जरा भाईर ये वो."

कलाबाई त्यांची मोठी बहीण. शहात्तर वर्षांची, विधवा, भावाकडंच राहायची. भिंतीला धरत बाहेर आली, रजनीताईंच्या समोर खाली चटईवर बसली. भैय्याजींनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती काही विचारणार असं वाटलं, पण तिनं रजनीताईंचा हात हातात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला.

"मोतीराम," ती म्हणाली. "हो. मोतीराम."

"तुले माहीत होतं?" भैय्याजी म्हणाले.

"तू लहान होता रे. मी आजीजवळ झोपत होती. मले सारं नाही माहीत. बाबानं एकदा मायले सांगितलं ते ऐकलं होतं, का आजीचं एक लेकरू पांढुर्ण्याले आहे. माय म्हणे, चूप बसा." कलाबाई थांबली. दम लागत होता. "आजीनं आमच्या बाबाले अन् काकाले कधी गोटमारीत जाऊ देलं नाही. सारं गाव जाये. लोकं हसत, घागऱ्याचे पोट्टे घरात बसते म्हणून. बाबा एका साली चोरून गेला, तं तीन दिवस जेवली नाही. म्हणे, त्या काठावर कोण उभं आहे ते तुले दिसते का? गोटा हातातून सुटला का तो कोणाले लागन हे तुले माहीत आहे का?"

 आतून कुकरची शिट्टी झाली.

"ती कधी गेली नाही त्यांच्याकडं?" रजनीताईंनी विचारलं.

"घरी नाही गेली. पाटाच्या वख्ती शब्द घेतला होता म्हणे तिच्यापासून, का पोराच्या वाट्याले जायचं नाही. पण बजाराले जाये. मिरच्या, सांबाराच्या जुड्या, वांगे घेऊन जाये टोपल्यात. मी संग राहो. जिनिंगच्या फाटकासमोर बसे. दुसरीकडं जागा मोकळी राहे, गिऱ्हाईक जास्त राहे, तरी तिथंच." कलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "एक माणूस ये तिच्याजवळ. टोपी घातलेला, सदऱ्यावर रुईचे कण. मिरच्या घे. ती मोजून दे अन् वरून आणखी मूठभर टाके. दुसऱ्या कोणाले टाकत नोती, चिकट होती बुढी. मी म्हटलं, आजी, हा कोण? म्हणे, गिऱ्हाईक आहे."

"ते आबाजी होते?" रजनीताईंनी विचारलं.

"मी कशी सांगू बाई? मी दहा वर्षांची पोर. नाव नाही विचारलं. तुम्ही आल्या म्हणून मले आज तो माणूस आठवून राहिला. खोटं कायले बोलू? तो तुमचाच आबाजी होता असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत."

कलाबाईनं पुढं सांगितलं, पारबता मेली ती सन साठच्या उन्हाळ्यात. कलाबाई तेव्हा तेराचौदा वर्षांची. शेवटी शेवटी ती एकच म्हणायची, तिकडच्यालेही सांगजा. दम गेल्यावर कलाबाईचे बाबा पांढुर्ण्याला निघाले. थोड्या वेळानं परत आले आणि तिरडी बांधायला लागले. कलाबाईच्या मायनं विचारलं तेव्हा म्हणाले, पुलापर्यंत गेलो. काय सांगू त्या माणसाले? तुझी माय आज मेली म्हणून सांगू?

भैय्याजींनी वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. "बाबानं मले हे कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. "एवढा मी जवळचा, तरी नाही सांगितलं." मग रजनीताईंना म्हणाले, "जेवून जा. तशा नाही जायच्या आता."

त्या जेवल्या. निघताना कलाबाईनं कपाळाला कुंकू लावलं नाही, स्वतः विधवा म्हणून हात मागं घेतला, रजनीताईंनीच वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "मी तुम्हाले काय म्हणू?" कलाबाईनं बोटांवर नातं मोजलं. "तुझा बाप माझा चुलतभाऊ झाला न. मंग मी आत्या."

घरी आल्यावर रजनीताईंनी भावाला काहीच सांगितलं नाही. दोन दिवसांनी त्यानंच विचारलं, दुकानाचं शटर ओढता ओढता. "गेली होती म्हणे सावरगावले." मग त्यांनी तिथंच, पाइपांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. गोटमारीचं ऐकल्यावर दिलीप शटरचं कुलूप हातात धरून उभा राहिला.

"आबाजी मले तिगावले न्यायचे," तो म्हणाला.

"केव्हा?"

"गोटमारीच्या दिवशी. सकाळच्या गाडीनं. तू तं तेव्हा मावशीकडं सौंसरले शिकत होती. मी रडो, मले गोटमार पाह्याची राहे. ते ऐकत नोते. दिवसभर तिगावच्या स्टेशनावर बसायचो दोघं. चिवडा घेऊन द्यायचे. संध्याकाळी गोटमार आटपली का परत." त्यानं कुलूप खाली ठेवलं. "मले वाटे, त्यांले रक्त पाहून चक्कर येते."

"येतही असन," रजनीताई म्हणाल्या.

"हो. येतही असन."

आबाजींना माहीत होतं का, आणि असलं तर कोणी सांगितलं, हे दोघांपैकी कोणालाच ठरवता आलं नाही. त्यावर ते पुढंही कधी कधी बोलत. कधी दिलीपला वाटे माहीतच होतं, कधी रजनीताईंना.

सर्वपित्रीला घरात नेहमीप्रमाणं पितरांची पानं वाढली गेली. आजोबांचं, आजीचं, आई-वडिलांचं. अर्चनानं कोणाला न विचारता एक पान जास्त मांडलं आणि कढी, वडे, भोपळ्याची भाजी सगळं वाढलं. दिलीपनं त्या पानाकडं पाहिलं. तो प्रत्येक पानावर पाणी सोडताना नाव घेत होता. जास्तीच्या पानावर पाणी सोडताना त्यानं नाव घेतलं नाही, पण पाणी सोडलं. रजनीताईंनी त्या दिवशी तेवढ्यावर समाधान मानलं.

तुळशीच्या लग्नानंतर कलाबाई एक दिवस राहायला आल्या. भैय्याजींनी गाडीतून आणून सोडलं. दुपारी त्यांनी जिनिंगचं फाटक पाहायचं म्हटलं. रजनीताई त्यांना रिक्षानं घेऊन गेल्या. तिथं आता मोबाइलची दुकानं आणि एक बँक आहे. कलाबाई रिक्षातून उतरल्या, रस्त्याच्या कडेला उभ्या राहून इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "इथं होतं का? का पुढं?" त्या म्हणाल्या. रजनीताईंना तरी कुठं ठाऊक होतं? एका दुकानदारानं सांगितलं की फाटक बहुतेक बँकेच्या जागी असावं, पण त्याचाही तेव्हा जन्म झाला नव्हता. मोटरसायकलींचे भोंगे वाजत होते. कलाबाई म्हणाल्या, "चाल, घरी जाऊ. पाय दुखून राहिले."

रात्री जेवताना त्या दिलीपशी बोलल्या. तो आधी मोजकंच बोलत होता. मग कलाबाईंनी सहज विचारलं की तुमच्या आबाजीले तिखट आवडे का. दिलीप म्हणाला, "लय. हिरव्या मिरच्या मीठ लावून कच्च्या खायचे." एवढं बोलून तो मान खाली घालून भाकर मोडत राहिला, आणि कलाबाई घास घेत बसल्या. त्या घरात त्या दिवसानंतर आत्याबाईंसाठी एक वेगळी गादी ठेवलेली असायची. त्या आणखी दोनदा आल्या.

पुढच्या वर्षी चैत्रात कलाबाई गेल्या. पहाटे भैय्याजींचा फोन आला. रजनीताई साडी बदलून बाहेर आल्या तेव्हा दिलीप ओसरीवर चप्पल घालून तयार होता. दुकान उघडायला त्यानं मयूरला पाठवलं होतं. दोघं पुलावरून पायीच गेले. नदीत पाणी नव्हतं, खडकच खडक.

सावरगावात अंगणात माणसं जमली होती. रजनीताई आत बायांत जाऊन बसल्या. नर्सबाई म्हणून काहींनी ओळखलं. अंघोळ घालायला हात कमी पडत होते तेव्हा त्या उठल्या आणि इतर बायांबरोबर त्यांनी कलाबाईंना न्हाऊ घातलं, केस विंचरले. अशी कामं त्यांनी जन्मभर परक्या घरांत केली होती. हातानं ती सवयीनं झाली, पण डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना, आणि शेजारची बाई म्हणाली, "बाई, तुम्ही बसा."

बाहेर तिरडी उचलायची वेळ झाली. घागऱ्यांची चार माणसं पुढं झाली. दिलीप एका बाजूला भिंतीजवळ उभा होता, रुमाल डोक्याला बांधून. गावातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे कोण? पांढुर्ण्याचे पाइपवाले न?"

 भैय्याजींनी मागं वळून पाहिलं.

"आमच्या आजीच्या पहिल्या घरचे आहेत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझा पुतण्या. दिलीप, ये. इकडून खांदा दे."

दिलीप पुढं झाला. त्या बाजूच्या माणसानं त्याला जागा करून दिली.

घाटावरून आल्यावर रजनीताई आणि दिलीप दोघंही त्या दिवशी सावरगावलाच थांबले. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकर आणली होती. दहाव्यापर्यंत दिलीप रोज दुकान बंद करून एक चक्कर टाकून येई. भैय्याजी बोलायचे नाहीत फारसं. कधी मोटारीचं बिघडलेलं स्टार्टर दाखवायचे, कधी यंदाच्या बहाराबद्दल विचारायचे, आणि दिलीप ओसरीवर बसून ऐकत राहायचा.

रजनीताई अजूनही अधूनमधून छिंदवाड्याला जातात. हिवरखेडीच्या आणखी काही घरांची माणसं कुठं गेली ते त्या शोधत आहेत. एक घर सौंसरला निघालं, एक तिगावला. मौत-रजिस्टरातल्या त्या आठ महिन्यांच्या मुलीचं नाव मात्र त्यांना कुठंही मिळालेलं नाही. मिळणारही नाही, हे त्यांना ठाऊक आहे. कलाबाईंनाही त्यांनी एकदा विचारलं होतं. कलाबाई म्हणाल्या होत्या की आजीनं त्या लेकराचं काही सांगितलं असेल तर ते आपल्याला आठवत नाही.